अच्छाडहून आणलेला पियानो

आमच्या घरी पियानो येणार आहे हे मला समोरच्या काकूंकडून कळलं. मी तेव्हा तलासरीच्या शाळेत शिकवत होते. संध्याकाळच्या एसटीने डहाणूला उतरून घरी चालत येत होते, तर काकू फाटकातूनच म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडे पियानो येतोय म्हणे! पायरी फोडायला गवंडी बोलावलाय साहेबांनी." मला वाटलं पेटी म्हणत असतील. घरी आले तर खरंच गवंडी ओट्याची पायरी फोडत होता आणि आमचे हे टेप घेऊन त्याच्याशेजारी उभे होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"पायरीवरून वळणार नाही गं," हे म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नात दिसला होता तसा दिसत होता.

हे रेल्वेत डब्यांच्या ब्रेकचं काम करायचे. नोकरीची पहिली वर्षं वलसाडला गेली. तेव्हा गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. डब्याखालच्या पाइपातली हवा ओढून घ्यायची आणि ती पोकळी टिकवायची. कुठून हवा आत शिरली की ब्रेक लागलाच. ती कुठून शिरते हे हुडकणं, हीच यांची विद्या. पुढे दुसऱ्या पद्धतीचे ब्रेक आले, जुने गेले. "माझी विद्या भंगारात निघाली," असं हे म्हणायचे, पण हसत. चिडणारा माणूसच नव्हता तो. लेक लहान असताना तिने यांच्या ड्यूटीच्या कागदांवर शाई सांडली होती, तेव्हाही हे "अरे वा, समुद्र काढलास का?" एवढंच बोलले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कळायला हा माणूस आधी कसा होता ते माहीत असलं पाहिजे.

निवृत्तीनंतर ते मागच्या दाराला जुनी सागवानी चौकट शोधत होते. अच्छाडच्या पुढे, हायवेला लागून, जुन्या लाकूडसामानाची एक शेड आहे. गुजरातेत कुठे मोठं घर पाडलं की तिथले खांब, दारं, झोपाळे त्या शेडमध्ये येतात. चौकट बघता बघता यांना मागे पियानो दिसला. शेडवाला म्हणाला, "काका, आ तो एनी मेळे वागे छे." म्हणजे हा आपोआप वाजतो. कसा, ते त्याला सांगता येईना. आत मोटर नाही, वायर नाही. यांनी वरची फळी सरकवली तर आत पितळेची एक आडवी दांडी, आणि तिला एका ओळीत बारीक बारीक भोकं. हे मला नंतर म्हणाले, "ती भोकं पाहिली आणि मला एकदम कळलं. हवा! हे सगळं हवेवर चालतं."

आणि तसंच होतं. त्या पितळी दांडीवरून भोकं पाडलेला कागद सरकतो. खाली पाय मारले की भाते चालतात आणि आतली हवा ओढली जाते. कागदातलं भोक दांडीच्या भोकावर आलं की तिथून हवा आत शिरते, एका नळीतून खाली जाते, चामड्याचा एक इवलासा पडदा उचलते, आणि त्या सुराची पट्टी खाली बसते. वाजवणारा कुणी नसतो, पट्ट्या मात्र एकेक करून दबत जातात. "ब्रेकसारखंच," हे म्हणाले. "हवा शिरली की काम झालं. फक्त इथे गाडी थांबत नाही, गाणं सुरू होतं."

दिवाळीनंतर पियानो आला. आला तेव्हा तो वाजत नव्हता. पाय मारले की आतून दम लागल्यासारखा आवाज यायचा, बस. यांनी तो पुढच्या खोलीत उलगडायला घेतला. आमची ही खोली मोकळी, दोन्हीकडून वारा येणारी. जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर सगळे भाग मांडले. आतून नळ्यांचं जंजाळ निघालं. करंगळीहूनही बारीक, राखाडी, बोटाने दाबली तर वाकणाऱ्या नळ्या, प्रत्येक सुरासाठी एक. त्यांच्यावर जागोजागी पांढरी पूड धरली होती. पापडाला बुरशी येते तशी. आतूनही कित्येक त्या पुडीने बंद झाल्या होत्या.

"शिसं आहे," हे म्हणाले. "म्हणूनच टिकलं इतकी वर्षं."

मी म्हटलं, "प्लॅस्टिकच्या घाला की नव्या. तुमच्या त्या मोबाइलमधला माणूस तेच करतोय." हे कुठल्या तरी परदेशी माणसाचे व्हिडिओ बघायचे. भाषा भराभर बोलली की यांना कळत नसे, म्हणून आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघायचे. त्या हातांत नेहमी मोजे असत, तोंडाला पट्टी असे. यांना त्याचं हसू यायचं. "गोऱ्यांना धुळीची भारी भीती! मूळचं ते मूळचं, मी एक नळी फेकणार नाही."

रोज सकाळी चहा झाला की हे बसत. नळीचं एक टोक अंगठ्याने दाबायचं, दुसरं तोंडात धरायचं आणि हवा ओढायची. जीभ टोकाला चिकटून राहिली तर नळी चांगली. सुटली तर कुठेतरी फट आहे. बंद नळी असेल तर तोंडाने फुंकायची; पांढरी पूड भुरकन उडायची आणि उन्हात तरंगत राहायची. टोकं कानशीने तासायची. तसेच उठून हे जेवायला यायचे. हात धुवायचे, पण रेल्वेतला माणूस धुतो तसे, एकदा पाण्याखाली धरून.

एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गंमत आहे, त्या नळ्या जिभेला गोडसर लागतात."

"शी! कशाला चाटता?"

"चाटत नाही गं. ओढताना लागतं."

आम्ही दोघंही त्यावर हसलो होतो.

पियानोबरोबर पत्र्याची एक ट्रंक आली होती, रोलांनी भरलेली. सगळे रोल रुंदीला सारखे, त्यामुळे आम्हाला वाटलं सगळे एकाच जातीचे. तसं नव्हतं. काहींच्या दोन्ही टोकांना खिळ्यासारख्या पिना बाहेर आलेल्या. ते आमच्या पियानोत बसतच नव्हते. काहींच्या टोकाला खाच होती. ते नीट बसायचे. यांनी माझी शाळेची फूटपट्टी घेऊन भोकं मोजली. पिनांच्या रोलात इंचाला सहा भोकांची जागा, खाचेच्या रोलात नऊ. "पिनांचे आधीच्या काळातले," हे म्हणाले. "ते पासष्ट सुरांच्या यंत्राचे. आपलं अठ्ठ्याऐंशीचं. कागद तेवढाच, पण सूर जास्त बसवायचे म्हणून भोकं बारीक केली." यंत्र चालायला लागलं तेव्हा यांनी मुद्दाम जुन्या जातीचा एक रोल तात्पुरत्या आधारांवर बसवून चालवला. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. आमची मांजर जी पळाली, ती दुपारपर्यंत परत आली नाही.

खाचेच्या रोलांतही फरक होते. काहींची भोकं पट्टीने आखल्यासारखी सरळ, ठरावीक अंतरावर. त्यांचं गाणं कवायतीसारखं वाजायचं. काहींची भोकं किंचित मागेपुढे. हे म्हणाले, कुणीतरी खरंच वाजवताना ती कागदावर उमटवून घेतलेली आहेत. ते रोल लावले की गाणं मध्येच क्षणभर थबकायचं, पुढे जायचं, पुन्हा थबकायचं, आणि खोलीत आणखी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मला ते रोल आवडत नसत. कारण विचाराल तर सांगता यायचं नाही.

होळीच्या सुमाराला पियानो पुरा वाजायला लागला. शेजारपाजारचे लोक ऐकायला आले. बोईसरहून लेक-जावई आले. लेकीला तेव्हा दिवस गेले होते. बाबांचा उद्योग तिला फार आवडला. ती दर शनिवार-रविवार यायला लागली, आणि सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झाल्यावर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून आमच्याकडेच राहिली. खाट पुढच्या खोलीत टाकली, वारा येतो म्हणून. तिच्या पायांशी पियानो आणि कोपऱ्यात यांचा पसारा, कारण यांचं काम संपलेलं नव्हतं. एक नळी नीट केली की दुसरी फुटायची.

त्याच दिवसांत ट्रंकेच्या तळाचा एक रोल निघाला. दिसायला इतरांसारखाच, खाचेचा, बारीक भोकांचा. हे पाय मारायला बसले. सुरेख, हळुवार काहीतरी सुरू झालं. आणि मग अगदी डावीकडची, सगळ्यात खालच्या सुराची पट्टी आपणहून दबली. धम्म. थोड्या वेळाने अगदी उजवीकडची, टोकाची. पुन्हा डावीकडची. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दाराबाहेर कुणी काठी आपटत उभं आहे असं वाटत होतं.

लेक उठून बसली. "बाबा, हे मध्येमध्ये कोण वाजवतंय?"

यांनी दोन दिवस डोकं घालून त्याचं उत्तर काढलं. असे रोल आणखी तिसऱ्याच, महागड्या जातीच्या पियानोसाठी केलेले. त्यांत दोन्ही कडांची भोकं सुरांची नसतात. ती यंत्राला सांगतात, इथे हळू, इथे जोरात. "आपल्या यंत्राला ती भाषा येत नाही. ते त्या खुणांनाही सूरच समजतं आणि वाजवतं."

"बंद करा ना ते," लेक म्हणाली. "बाळ दचकतंय."

"बाळबीळ काही दचकत नाही!" हे एकदम ओरडले. "मला काम करू द्या!"

 लेकीने माझ्याकडे पाहिलं. बाबांचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

त्यानंतर तो आवाज घरात रोजचाच झाला. चहा कडू का, पंखा का चालू, पेपर कुणी दुमडला. आणि लगेच नंतर हे काही आठवत नसल्यासारखे बघत बसायचे. पोटात कळा यायच्या. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन आडवे व्हायचे, घामाने बनियन भिजायची. शौचाला होत नव्हतं. तोंडाला चव नव्हती, म्हणायचे, "नाणं चोखल्यासारखं लागतंय." चेहरा मातकट झाला. जवळच्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटी म्हटलं. मग सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. मग रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या.

मधेच मांजर गेली. ती यांच्या त्या चादरीवरच झोपायची, अंग चाटत. आधी खाणं सोडलं, मग तोल जायला लागला, आणि एका सकाळी अंगणात झटके देत पडली. हात लावला तर तिने मलाच ओरबाडलं, दुपारी संपली. समोरच्या काकू म्हणाल्या, कुणीतरी उंदराचं औषध टाकलं असेल. मी मागे चिकूखाली तिला पुरलं आणि हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागले. लेकीला सांगितलं, कुठे तरी निघून गेली असेल, येईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे लुळा नव्हे. मूठ वळायची, दाबायची, पण मनगट वर उचलता येईना. पंजा नुसता खाली लोंबायचा, ओल्या फडक्यासारखा. कुणी आलं तर नमस्काराला डाव्या हाताने उजवा धरून वर आणायचे. आम्ही घाबरलो, अर्धांगाचा झटका म्हणून. मानेचा फोटो काढला. मणक्याची झीज आहे, पट्टा लावा, असं सांगितलं. पट्टा लावून हे पुन्हा पियानोसमोर बसले आणि डाव्या हाताने नळी तोंडाला लावली. मला आता सगळ्यात जास्त तेच आठवतं. लेक खाटेवर पडून सफरचंद खातेय, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर हे पांढरी पूड फुंकताहेत.

शेवटी जावयाने हट्ट धरला आणि आम्ही वापीला गेलो. आमच्याकडून मुंबईपेक्षा वापी जवळ. एका खासगी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीच्याच वयाच्या. यांचा हात त्यांनी उचलून सोडला, पुन्हा उचलून सोडला. मग बॅटरी घेऊन म्हणाल्या, "काका, तोंड उघडा. आ करा." खालचा ओठ ओढून हिरड्या बराच वेळ पाहिल्या. मला जवळ बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी, हिरडीवर, पेन्सिलीने ओढल्यासारखी निळसर रेघ होती.

"काका, तुम्ही बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहात का?"

"नाही. रेल्वेत होतो. रिटायर झालो."

"घरी काही वितळवता? जुन्या बॅटऱ्या, रंग? कुणा वैदूचं भस्म वगैरे?"

"छे!"

"आमच्याकडे अशी रेघ बॅटऱ्या फोडणाऱ्यांत दिसते," त्या मला म्हणाल्या. "म्हणून विचारते."

मी म्हटलं, "घरी एक वाजवायचं यंत्र दुरुस्त करतात. जुना पियानो."

"त्यात काय असतं?"

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा यांचा चेहरा उजळला. हे सांगायला लागले: भाते, रोल, पितळी दांडी, दांडीपासून निघणाऱ्या नळ्या...

"कसल्या नळ्या?"

"शिशा..." म्हणाले आणि तिथेच थांबले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांना तोंड लावत होता का?"

यांनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "रोज," म्हणाले.

"घरात आणखी कोण असतं?"

"लेक," मी म्हणाले. "आठवा लागलाय तिला."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आत्ता फोन करा," त्या म्हणाल्या. "त्या खोलीतून बाहेर पडायला सांगा. कपडे बदलून. काही बरोबर न घेता."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोन लावला. लेक म्हणाली, "आई, झालं काय? बाबा कसे आहेत?"  मी म्हटलं, "समोरच्या काकूंकडे जा. आत्ता. झाडू मारू नकोस, काही आवरू नकोस, नुसती जा." ती घाबरून रडायला लागली. मागून मला आतल्या खोलीतून यांचा आवाज ऐकू येत होता. डॉक्टरीणबाईंना विचारत होते, "बाळाला काय होतं? सांगा ना. बाळाला काय होतं?"

शिसं किती आहे ते बघायला रक्तं मुंबईला पाठवली. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते मी सांगू शकत नाही. यांचा आकडा पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या आकड्याला माणसं बेशुद्ध होऊन येतात. माझाही वाढलेला होता, फार नाही. लेकीचा माझ्यापेक्षा जास्त. "आईच्या रक्तातून ते बाळाकडे जातं," त्यांनी सांगितलं. "किती गेलं, काय करेल, हे मी आज सांगू शकत नाही. कॅल्शियम, लोह, चांगलं खाणं. आणि त्या घरात पाऊल टाकायचं नाही." लेक जावयाबरोबर बोईसरला गेली. निघताना यांच्या पाया पडली नाही. हे खुर्चीत बसले होते, तिच्याकडे बघत. तीही बघत होती.

यांना दवाखान्यात ठेवलं, शरीरातलं शिसं बाहेर काढणारं औषध सुरू झालं. घर मी एकटीने साफ केलं. कामवाल्या बाईला येऊ दिलं नाही. तिचा पगार घरी पोचवला. झाडू चालवायचा नव्हता, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधायचं. भिंती, खिडक्यांचे गज, पंख्याची पाती. पुसून मागे फिरलं की उन्हाच्या पट्ट्यात पुन्हा काहीतरी तरंगताना दिसायचं. ते शिसं आहे की साधी धूळ, हे डोळ्यांना कळत नाही. त्या दिवसांत मी घरात पाणीसुद्धा प्यायले नाही.

हे घरी आल्यावर अच्छाडचा शेडवाला भेटायला आला. तोंडाने चुकचुक करत ओट्यावर बसला. यांनी त्याला सरळ सांगितलं, "बाबा, पुन्हा असा पियानो आला तर त्यातल्या नळ्यांना हात लावू नकोस. विष आहे."

तो हसला. "काका, नळ्या तर चालतात. पियानो विकला नाही जात तेव्हा आम्ही नळ्या काढून घेतो. मच्छीवाले जाळ्याला गोळ्या लावतात ना, त्या ओततो. माझा भाऊ करतो ते, घरीच, चुलीवर."

हे पुढे वाकले. "भाऊ कसा आहे तुझा?"

शेडवाला हसायचा थांबला. "पोट दुखतं त्याचं," तो म्हणाला. "आणि गुस्सा बहु करे छे. बायको-छोकरांना मारतो. पहिला असा नव्हता."

यांनी त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, भावाला आणि मुलांना घेऊन जा म्हणून हात जोडले, म्हणजे डाव्या हाताने उजवा वर धरून जोडले. तो हो म्हणाला. गेला की नाही, कळलं नाही. पुढे दोन-तीनदा मी तलासरीला जाताना अच्छाडपर्यंत गेले. शेडला कुलूप होतं. शेजारच्या ढाब्यावर विचारलं तर म्हणाले, गावी गेलेत सगळे. कुठलं गाव, ते कुणाला माहीत नव्हतं.

नळ्या कुठे द्याव्यात, हेही कुणाला माहीत नव्हतं. कचऱ्याच्या गाडीत टाकल्या तर कुणीतरी वेचून नेणार. अखेर डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने वापीकडचा, असा धोकादायक कचरा घेणारा एक कारखाना मिळाला. नळ्या, चादर, लेकीची गादी, माझी फडकी, सगळं त्यांच्या गाडीतून गेलं. रोलही दिले, त्यांच्यावरही पूड बसली होती. ट्रंक उचलताना हे आत जाऊन बसले. रिकामा पियानो सगळीकडून पुसून, ताडपत्री बांधून मागच्या कुंपणाशी ठेवला. यांचा हात वर्षभरात पुष्कळ सुधारला. आता पेला उचलतात. पण अजूनही मध्येच एखादा शब्द शोधत राहतात, आणि सापडला नाही की ओठ घट्ट मिटून घेतात.

नात झाली. दिवस भरायच्या थोडी आधी, वजनाने कमी, पण रडली छान. बारशाला आम्ही बोईसरला गेलो. हे लांब उभे राहिले. उचलून घ्या म्हटलं तरी घेतलं नाही. "माझ्या अंगात अजून आहे," म्हणाले. डॉक्टर म्हणतात, असं होत नाही, उचलून घ्या. यांना पटत नाही. औषधाने रक्तातलं गेलं, हाडांतलं हळूहळू सुटत राहतं, हे वाक्य यांनी डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं आणि मनात धरून ठेवलं.

नात आता अडीच वर्षांची आहे. चालते, पळते, हसते. बोलत नाही फारसं. "आई," "दे," "नको," एवढंच. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात. माझी लेकही उशिरा बोलली होती, मी तिला आठवण करून देते. ती मान हलवते. आमच्या घरी ती येत नाही. मी सगळं घर नव्याने रंगवून घेतलं, तपासून घेतलं, कागद दाखवला. एकदाच आली, ओट्यावर बसली, मुलीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही, आणि मी आणलेलं पाणी तसंच ठेवून गेली.  

म्हणून आम्ही चिखले गावच्या किनाऱ्यावर भेटतो, महिन्यातून एखाद्या रविवारी. सुरूच्या सावलीत चटई टाकतो, मी केलेले लाडू लेकीला चालत नाहीत म्हणून जावई बाहेरून काहीतरी घेऊन येतो. मागच्या वेळी ओहोटी होती. नात ओल्या वाळूत बसून खड्डा करत होती आणि हे तिच्यापासून दोन हातांवर उकिडवे बसून बघत होते. तिने मूठभर वाळू उचलली आणि तोंडात घातली.

"थुंक!" लेक किंचाळली. "थुंक ते! थुंक!"

ती धावली, जावई धावला, मी धावले. पोर भेदरून रडायला लागली. तिच्या हनुवटीवरून लाळ आणि वाळू गळत होती. लेक बोट घालून तिचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, आतून, हिरड्यांपर्यंत. सगळ्यात जवळ हेच होते. हे उठून उभे राहिले होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, आणि एक पाऊलही पुढे आले नव्हते.